अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक
अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक (१७ जानेवारी, १८३९:ड्रेस्डेन, जर्मनी - २७ सप्टेंबर, १९००:बर्लिन, जर्मनी) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वनस्पतींची मुळे आणि जमिनीतील उपयुक्त बुरशी (कवक) यांच्या सहजीवनाला त्यांनी १८८५ साली मायकोरायझा हे नाव दिले. ग्रीक भाषेतील कवक आणि मूळ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे.

== कारकीर्द ==
फ्रँक यांचे शिक्षण लाइपझिग येथे झाले व तेथेच त्यांनी अध्यापन केले. १८७७ साली शैवाकांचा अभ्यास करताना त्यांनी दोन भिन्न सजीवांच्या एकत्र राहण्यासाठी सहजीवन या अर्थाची संज्ञा वापरली. १८८१ साली ते बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. वनस्पतींच्या रोगांवरही त्यांनी ग्रंथलेखन केले.

== मायकोरायझाचा शोध ==
प्रशियात ट्रफल या खाद्य कवकाची लागवड करता येईल का, हे पाहण्याचे काम सरकारने फ्रँक यांच्याकडे सोपवले होते. त्या तपासणीत ओक, बीच, हेझल इत्यादी वृक्षांच्या कोवळ्या मुळांवर कवकतंतूंचे आवरण आढळले. ही झाडे निरोगी असल्याने हे कवक रोगकारक नसून झाडाला पाणी व पोषकद्रव्ये पुरवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुळांवरील कवक म्हणजे परजीवी, असा समज तेव्हा रूढ होता. त्यामुळे रॉबर्ट हार्टिग यांच्यासारख्या तज्ज्ञांनी त्यास विरोध केला. फ्रँक यांनी निर्जंतुक केलेल्या व न केलेल्या मातीत पाइनची रोपे वाढवली. कवकयुक्त मातीतील रोपांची वाढ अधिक चांगली झाली. १८८७ साली त्यांनी मायकोरायझाचे बाह्य व आंतर असे दोन प्रकार पाडले.

== महत्त्व ==
कांदा, टोमॅटो, मिरची, वांगी इत्यादी भाजीपाला पिकांच्या मुळांत आंतर प्रकारचे कवक वाढते. त्याचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरील मातीतून विशेषतः स्फुरद शोषून पिकास देतात व मोबदल्यात पिकाकडून शर्करा घेतात. कोबी, फुलकोबी, मुळा व पालक या पिकांत सामान्यतः हे सहजीवन आढळत नाही. या कवकांपासून बनवलेले जैविक खत शेतकऱ्यांना व्हॅम या नावाने परिचित आहे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींमध्ये राहणाऱ्या जिवाणूंना रायझोबियम हे नावही फ्रँक यांनीच १८८९ साली दिले. त्यांचा मायकोरायझाविषयीचा सिद्धान्त मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, विसाव्या शतकातील प्रयोगांनंतरच सर्वमान्य झाला.