दुकानदार ते कारखानदार : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपल्यापैकी किती जण दररोज जातात! वह्या, कापड, औषधे, सर्व काही तेथे मिळते. परंतु ज्या पुरुषाच्या आडनावाने हा रस्ता ओळखला जातो त्यांनी सारे आयुष्य विकण्यापेक्षा घडविण्यात घालविले, हे फारच थोड्यांच्या ध्यानी असते. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र म्हणूनच येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. घरी पोथ्यांचा सहवास, आणि मुलाचे लक्ष मात्र चित्रांकडे व यंत्रांकडे! पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमेना. अखेर १८८५ साली, वडिलांच्या मनाविरुद्ध परंतु थोरल्या बंधूंच्या पाठिंब्याने, ते मुंबईस गेले व जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. दोन वर्षांत एक विलक्षण गोष्ट उघड झाली. त्यांची रेषा उत्तम होती, पण काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नसे. चित्रकार होण्याची आशा तेथेच संपली. दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले व रेषा ठेवली. यंत्रांच्या आकृत्या काढण्याची विद्या हस्तगत करून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ती शिकवू लागले. शिकवणे संपले की ते तेथल्या कर्मशाळेत शिरत आणि यंत्रे सोडून पुन्हा जोडण्यात वेळ घालवीत. खरे शिक्षण हेच झाले, असे आम्हांस वाटते.

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या, थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्या येथे विकाव्या, आणि ग्राहकास चढावे-उतरावे कसे तेही शिकवावे, असा हा व्यवहार होता. एका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत; शिकवणीचे १५ रुपये निराळे.

येथे क्षणभर थांबून आपण थोडा हिशेब करू. सायकल विलायतेत घडलेली. ग्राहकाने मोजलेल्या सातशे रुपयांपैकी बहुतेक रक्कम लोखंड वितळविणारा, चाके जोडणारा, बोटीचा मालक व मुंबईचा व्यापारी यांच्याकडे जाई. बेळगावात उरे ते दलालीचे चार पैसे आणि ते पंधरा रुपये. दुकानदारी व शिकवणी ही प्रामाणिक कामे आहेत, त्यांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु गावात एक सायकल आली म्हणून गावच्या लोहारास एक दिवसाचेही काम मिळाले नाही, ही गोष्ट लक्ष्मणरावांच्या मनास लागली असली पाहिजे. पुढे त्यांनी जे केले त्यावरून तरी तसेच दिसते.

१८९७ साली तंत्रशाळेत त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. आता दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना उभा राहिला. पहिला माल निघाला तो कडबा कापण्याच्या यंत्राचा. सबंध कडबा गुरांपुढे टाकला म्हणजे निम्मा पायदळी तुडविला जातो. कापून घातला तर वाया जात नाही. गरज शेतकऱ्याची होती, आणि यंत्र येथलेच होते.

मग आला लोखंडी नांगर. आपल्याकडील लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर माती खोल कापून पालथी करतो व हराळीची मुळे उन्हात आणून टाकतो. लाभ इतका स्पष्ट, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तयार नांगर दोन वर्षे पडून राहिले! भट्टी पेटवून नांगर ओतणे एक वेळ सोपे, माणसाच्या मनातला संशय उखडणे कठीण. यंत्र चालवून दाखविणे, जाहिरात करणे, सुटे भाग वेळेवर पुरविणे अशी कामे कारखान्याच्या भिंतीबाहेरची असतात. सायकलीबरोबर चालविण्याची शिकवणी देणारे दुकान येथे उपयोगी पडले. उत्पादन आणि सेवा या दोहोंत श्रेष्ठ कोण असा वाद आज विद्वान घालतात. या बंधूंच्या व्यवहारात सेवेने मालास वाट करून दिली, आणि मालामुळे सेवेला काही सांगण्यासारखे राहिले.

व्यवसायाचा जम बसू लागला तोच १९१० च्या सुमारास नवे संकट आले. नगराच्या वाढीसाठी नगरपालिकेस कारखान्याची जागा हवी होती. लक्ष्मणरावांना गाव सोडावे लागले. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन व बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन कसली, निवडुंगाचे रान व नागांचे वसतिस्थान! १० मार्च १९१० रोजी तेथे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन वसाहतीचा आरंभ झाला. तीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनाचेही नाव तेच झाले. बेळगावने एक कारखाना गमावला आणि रस्त्याला नाव ठेवले. हा सौदा आपणांस परवडला की नाही, याचा विचार मोठ्यांनी करावा.

वाडीवर जे घडले ते केवळ लोखंडाचे काम नव्हते. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांसारखी माणसे त्यांनी जोडली. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांना त्यांनी पहारेकरी नेमले, आणि त्यांनी तो विश्वास राखला. अस्पृश्यता तेथे चालू दिली गेली नाही. आमच्या निपाणीकडच्या वाचकांना याचे मोल विशेष कळेल. तंबाखूच्या वखारींत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया धुळीत राबल्या आणि किमान मजुरीसाठीही त्यांना १९८० च्या सुमारास संघटना उभारावी लागली. तेव्हा माल तयार होतो म्हणजे घामाला दाम मिळतोच असे नाही; कारखानदाराची दृष्टी कशी, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येणे थांबले आणि वाडीच्या नांगरांस मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसा दोन्ही दुर्मिळ! कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्याची आठवण सांगतात. विकणाऱ्या दुकानाचा माल बंदरावर अडकला तर दुकान बंद होते. घडविणाऱ्याला निदान धडपड करावयास जागा असते. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, व त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. १९२६ पासून पंप निघू लागले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून आले. पुढे हरिहर, बंगलोर, पुणे येथे कारखाने झाले. औंध संस्थानच्या दिवाणपदाची जबाबदारीही लक्ष्मणरावांनी काही काळ सांभाळली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आज आपल्या देशाच्या उत्पन्नात निम्म्याहून अधिक वाटा सेवांचा आहे, कारखानदारीचा जेमतेम सहावा. आणि दहांपैकी चारांहून अधिक कामकरी अजून शेतीवर आहेत. शेतीवरील हे हात इतरत्र सामावून घ्यावयाचे, तर दूरध्वनीवर इंग्रजी बोलता येणाऱ्यांना मिळणाऱ्या नोकऱ्या त्यांना कशा पुरतील? इंग्लंड, जपान यांनी आपली शेतावरची माणसे कारखान्यांत नेली, हे इतिहासात आपण शिकतोच.

बेळगावात मात्र भट्टी विझली नाही. उद्यमबागेत ओतशाळा आहेत. तेथे बीड वितळते व साच्यांतून यंत्रांचे भाग निघतात. आमच्या शाळेतील काही विद्यार्थ्यांचे वडील तेथे पाळीवर जातात. रात्रपाळी आटोपून सकाळी ते मुलांस शाळेत सोडावयास येतात, तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर वाळूचे व काजळीचे डाग असतात.