लोंढ्याला वाट देणारा अभियंता

पुणे - पावसाळ्यात खडकवासला धरण भरले, की पुणेकरांची पावले आपोआप तिकडे वळतात. सांडव्यावरून झेपावणारे पाणी, खाली उठणारा फेस आणि दूरवर ऐकू येणारी गाज यांचे आकर्षण पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. समुद्र दूर असलेल्या या शहराला पाण्याच्या लाटेचे सामर्थ्य समजले ते मुठेमुळे. या लाटेकडे केवळ कौतुकाने न पाहता तिचा अभ्यास करणारा आणि तिला शिस्तीत बाहेर पडण्याची वाट करून देणारा एक तरुण अभियंता शतकापूर्वी याच धरणावर काम करीत होता. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात 15 सप्टेंबर रोजी त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे विद्वान. पण घरची स्थिती बेताची. लहान वयातच पितृछत्र हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून 1881 मध्ये पदवी घेतल्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. पुढे "सीओईपी" म्हणून नावारूपाला आलेली हीच संस्था. मुळा आणि मुठा यांचा संगम तेथून हाकेच्या अंतरावर. 1883 मध्ये ते अंतिम परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

पांझरेचा धडा

सुरवातीच्या काळात त्यांची नेमणूक नाशिक आणि खानदेशात झाली. धुळ्याजवळ दातर्ती येथे पांझरा नदीच्या पात्राखालून नळाद्वारे कालव्याचे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. नदीला वारंवार पूर येई आणि केलेले काम गाळाने भरून जाई. पाऊस ओसरल्यावर काम करू द्यावे, अशी सूचना त्यांनी वरिष्ठांना केली. ती वरिष्ठांना रुचली नाही. नव्या नोकरीतील तरुणाने माघार न घेता काम तडीस नेले. नदीच्या वेळापत्रकाशी भांडण केल्यास किंमत मोजावी लागते, हा धडा मात्र त्यांना नोकरीच्या आरंभीच मिळाला.

पुढे सिंधमधील सक्कर शहराचा पाणीपुरवठा, सुरत येथील कामे असे टप्पे पार करीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्यात पाटबंधारे विभागात आले. येथेच त्यांच्या बुद्धीचा खरा कस लागला.

आपोआप उघडणारी दारे

मुठा नदीवरील खडकवासल्याचे दगडी धरण 1879 मध्ये पूर्ण झाले होते. त्याच्या जलाशयाला तेव्हा "लेक फाइफ" म्हणत. पुणे शहर, लष्कर छावणी आणि कालव्यावरची शेती या साऱ्यांची तहान त्यावर भागत असे. मागणी वाढत होती. पण साठा अपुरा पडत होता. पावसाळ्यात सांडव्याच्या माथ्यावरून कित्येक फूट उंचीचा प्रवाह वाहून जाई आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यासाठी ओढाताण होई.

धरणाची भिंत उंच करणे हा सरळ उपाय दिसत होता. परंतु तो खर्चिक होता आणि जुन्या भिंतीवरचा भार वाढविणारा होता. सांडव्यावर साधी दारे बसवावीत, तर ती वेळेवर उघडण्याचा प्रश्न होता. सह्याद्रीच्या माथ्यावर मध्यरात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर लोंढा धरणापर्यंत येण्यास फार वेळ लागत नाही. अंधारात, वादळात माणसे पोचेपर्यंत दारे बंदच राहिली, तर अडलेले पाणी धरणालाच धोका ठरणार.

विश्वेश्वरय्या यांनी हे काम पाण्यावरच सोपविले. वजनांचे संतुलन साधून त्यांनी अशी दारे तयार केली, की पाणी ठरलेल्या पातळीला पोचताच ती आपोआप उघडत आणि पातळी उतरली की पुन्हा बंद होत. 1903 च्या सुमारास ही यंत्रणा खडकवासल्यावर कार्यान्वित झाली. भिंत न वाढविता पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी उंचावता आली आणि साठा जवळजवळ एक चतुर्थांशाने वाढला. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते. मात्र, सरकारी सेवेत असताना सरकारी कामासाठी मानधन घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही आणि त्यांनी ते नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळील टिगरा धरणावर आणि कावेरीवरील कृष्णराजसागरावरही अशी दारे बसविण्यात आली.

पुण्यातील वास्तव्यात गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या धुरिणांशी त्यांचा परिचय झाला. नीरा कालव्यावर पाण्याच्या पाळ्या बांधून देणारी "ब्लॉक" पद्धतही याच काळातली. 1906 मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याचा आराखडा करण्यासाठी सरकारने त्यांना पाठविले. एवढे कर्तृत्व असूनही खात्यातील सर्वोच्च पद त्या काळी हिंदी माणसाला मिळण्याची शक्यता नव्हती. 1908 मध्ये त्यांनी स्वेच्छेने निवृत्तीचा मार्ग पत्करला.

मुसीचे थैमान

त्याच वर्षी 28 सप्टेंबर रोजी हैदराबादेत मुसी नदीने थैमान घातले. पाणलोट क्षेत्रातील दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले आणि त्यांचे पाणी एकत्र होऊन शहरावर कोसळले. हजारो लोक मृत्युमुखी पडले. अफझलगंज येथील रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी जीव वाचविला. ते झाड पुढेही जतन करण्यात आले.

विश्वेश्वरय्या तेव्हा परदेशात प्रवासाला गेले होते. निजाम सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी 1909 मध्ये हैदराबादेत येऊन पुराचा अभ्यास केला. पुराच्या लाटेचे शास्त्र येथे समजून घेण्यासारखे आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते आणि त्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा मारा चौपट होतो. त्यामुळे नदीकाठी केवळ भिंती बांधून भागत नाही. तीच लाट वरच्या बाजूला एखाद्या विस्तीर्ण जलाशयात शिरली, तर ती पसरते, तिचा माथा खाली येतो आणि तिला पुढे सरकण्यास उशीर होतो. शहराच्या वर अशी मोकळी जागा राखून ठेवावी, हे त्यांच्या शिफारशींचे सार होते. त्यातून मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर हे जलाशय 1920 च्या दशकात आकाराला आले.

1909 च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. 1911 मध्ये कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. 1912 ते 1918 या काळात त्यांनी संस्थानचे दिवाणपद भूषविले. 1955 मध्ये त्यांना "भारतरत्न" देऊन गौरविण्यात आले. त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

12 जुलै 1961

आयुष्याच्या अखेरीस मात्र नियतीने एक विलक्षण योग जुळवून आणला. मुठेची उपनदी असलेल्या आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पूर्ण होण्यापूर्वीच पहिल्या पावसाळ्याचे पाणी त्यात साठले. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते सावरण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या श्रमांमुळे मिळालेले तास मोलाचे ठरले. पण 12 जुलैच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर येऊन आदळला. जुन्या दगडी भिंतीने माथ्यावरून वाहणारे पाणी काही तास सोसले आणि अखेर तीही कोसळली. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतील मातीचे वाडे विरघळले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

त्या दिवशी विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात होते. ज्या धरणावर त्यांनी उमेदीच्या काळात आपली कल्पकता पणाला लावली, ते त्यांच्या डोळ्यांदेखत इतिहासजमा झाले. हा त्यांच्या विद्येचा पराभव मात्र म्हणता येणार नाही. नदीच्या पुरासाठी बांधलेल्या सांडव्याला संपूर्ण धरणाचे पाणी एकदम पेलणे शक्य नव्हते. पाण्याला वेळेवर वाट मिळाली नाही, तर ते स्वतःची वाट काढते, हे सूत्र त्या दिवशी अत्यंत क्रूर रीतीने सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1962 मध्ये विश्वेश्वरय्या यांचे निधन झाले.

दोन्ही धरणे पुढे नव्याने उभी राहिली. खडकवासल्याच्या पायथ्याशी 1916 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा परिसर आहे. देशातील बंदरांच्या छोट्या प्रतिकृतींवर तेथे कृत्रिम लाटा सोडून त्यांचा अभ्यास केला जातो. लाटेचे शास्त्र पुण्याला नवे नाही. तरीही 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात घरांत पाणी शिरले आणि पूररेषेचा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

विश्वेश्वरय्या यांची दारे पाण्याची पातळी पाहून उघडत. हुकमाची वाट पाहत नसत. धरणाच्या माथ्यावर त्यांनी जी वाट राखली, ती शहरातून वाहणाऱ्या नदीच्या पात्रातही राखली गेली पाहिजे. पुलावर उभे राहून मुठेचा पूर पाहणाऱ्या पुणेकरांनी लाटांचे सौंदर्य जरूर न्याहाळावे; पण त्या लाटांना पुढे जायला जागा किती उरली आहे, याकडेही एकदा नजर टाकावी.