समुद्राच्या वाफेचा हिशेब

आमच्या नेसरीत जून लागला की सगळ्यांच्या माना पश्चिमेला, आंबोलीच्या दिशेला. ढग तिकडूनच येतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या ढगातलं पाणी मूळचं कुठलं? अरबी समुद्राचं, की विषुववृत्ताच्याही पलीकडचं? हा प्रश्न ज्यांनी आकड्यांत पकडला, ते पिशारोथ रामा पिशारोटी. 'भारतीय रिमोट सेन्सिंगचे जनक' अशी त्यांची एका ओळीत बोळवण होते, ते काही मला पटत नाही.

जन्म १९०९, केरळातलं कोल्लंगोड. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि सुट्टी लागली की बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. पुढे हवामान खातं, अमेरिकेत डॉक्टरेट, मग कुलाबा-अलिबागच्या वेधशाळा. १९६२ मध्ये पुण्यात आजची आयआयटीएम निघाली, तिचे पहिले संचालक तेच. म्हणजे माणूस बराचसा आपलाच की!

त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती. तिची निरीक्षणं घेऊन पिशारोटींनी ताळेबंद मांडला. विषुववृत्त ओलांडून आत येणारं बाष्प जमेला, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाणारं खर्चाला. खर्चाचा आकडा कितीतरी मोठा निघाला! मधली भर अरबी समुद्राच्या बाष्पीभवनाचीच, असं त्यांनी १९६५ मध्ये मांडलं. नंतर पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा दक्षिणेकडचा वाटा बराच जास्त भरला. यात मला पिशारोटींचा कमीपणा दिसत नाही. एवढा अफाट समुद्र आणि मोजकी जहाजं, रीडिंग्ज मिळणार तरी किती? आपण चार रीडिंग्जवर ग्राफ काढून मोकळे होतो!

१९६७ नंतर विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते अहमदाबादला गेले. १९७० मध्ये केरळातल्या नारळबागांचे हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढून त्यांनी रोगट झाडं ओळखून दाखवली. आपल्याकडचं रिमोट सेन्सिंग इथून सुरू झालं.

समुद्राची पाळी ७ जून १९७९ ला आली. भास्कर-१ वर 'समीर' नावाचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होता. बाष्पाचे रेणू २२ गिगाहर्ट्झच्या आसपास जास्त ऊर्जा सोडतात, १९ ला कमी. दोन्हींची तुलना केली की समुद्रावरच्या हवेतलं बाष्प कळतं. जहाज नको, बोट नको. मग २६ मे १९९९ ला ओशनसॅट-१ गेला. पाण्याचं तापमान, वारा, बाष्प, शिवाय पाण्याचा रंगसुद्धा तो वरूनच टिपायचा. पिशारोटी तेव्हा नव्वद वर्षांचे होते. २००२ मध्ये ते गेले.