भोवऱ्याचं गणित आणि सोफिया

बारावीचा ‘रोटेशनल डायनॅमिक्स’ आठवतोय? त्यातली गणितं अडली की तुम्हीही वैतागला असाल. मग सोफिया कोवालेवस्कायाला भेटाच. जन्म १८५०, मॉस्को. रशियात मुलींना विद्यापीठाची दारं बंद. परदेशी शिकायला जाता यावं म्हणून तिने चक्क नावापुरतं लग्न केलं! बर्लिनमध्येही वर्गात प्रवेश नाही. वायरस्ट्रास सरांनी तिला खासगीत शिकवलं. १८७४ मध्ये डॉक्टरेट मिळाली, पण स्टॉकहोममध्ये शिकवायची संधी यायला जवळपास १० वर्षं गेली. टोकावर फिरणाऱ्या भोवऱ्याची गती ऑयलर आणि लाग्रांज यांनी दोन प्रकारांत सोडवली होती. तिसरा प्रकार सोडवला सोफियाने. १८८८ मध्ये पॅरिसच्या अकादमीने तिच्यासाठी बक्षीस ३००० वरून ५००० फ्रँक केलं. अवघ्या ४१व्या वर्षी ती गेली. तुमच्या वर्गाचं दार तर उघडंच आहे. मग अडलेलं गणित पुन्हा घेताय ना?