सम्राट पाचवा चार्ल्स आणि त्याचा गाऊट

रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन सुजतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. आठवडाभरात दुखणे थांबते आणि तुम्ही गोळ्या बंद करता. भंडारा जिल्ह्यात मला असे रुग्ण नेहमी भेटतात. त्यांना मी एका सम्राटाची गोष्ट सांगतो.

चार्ल्सचा जन्म १५०० साली, आजच्या बेल्जियममधील गेंट शहरात झाला. तरुणपणीच तो स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट झाला. मांस आणि बीअर त्याला अतिशय प्रिय. वैद्यांनी सांगूनही त्याने पथ्य पाळले नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला गाऊटचा पहिला झटका आला. पुढे झटके वाढत गेले, त्याला पालखीतून न्यावे लागे. १५५४ पासून त्याने एकेक राज्य सोडले आणि स्पेनमधील युस्ते येथील मठाजवळ राहायला गेला. तिथेच १५५८ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा दुसरा फिलिप यालाही गाऊट होता, म्हणजे दोष फक्त जेवणाचा नसतो. युरिक ॲसिड कमी करणारे औषध त्या काळी नव्हतेच.

चार्ल्सच्या बोटाचे टोक जपून ठेवलेले होते. बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्याचा एक्स-रे काढला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोटात युरिक ॲसिडच्या स्फटिकांचे मोठे साठे होते. त्यांनी सांधा पोखरून टाकला होता.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

दुखणे थांबले तरी स्फटिक सांध्यात राहतात. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बहुधा काही दिसत नाही. हाड झिजल्यावर दिसते. सोनोग्राफीत कूर्चेवर बसलेला स्फटिकांचा थर दिसू शकतो. ड्युअल एनर्जी सीटी स्कॅनमध्ये साठ्याचे आकारमान मोजता येते. म्हणूनच औषधांच्या अभ्यासात संशोधक झटके मोजण्यावर थांबत नाहीत, उपचाराआधी व नंतर साठा किती घटला तेही पाहतात. युरिक ॲसिड सतत कमी राखले, की साठे हळूहळू विरघळतात, हे अशा चित्रांत दिसले आहे.

प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. बहुतेकांसाठी रक्तातील युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणे हे ध्येय पुरेसे असते. तुमचा आकडा डॉक्टरांना विचारा आणि दुखणे थांबले म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. चार्ल्सकडे ही सोय नव्हती, तुमच्याकडे आहे.