जिम कॉर्बेट आणि त्यांच्या बंदुका

आपल्या एका सभासदांच्या घरी आजोबांच्या वेळची दुनळी रायफल आहे. परवान्याच्या नूतनीकरणासाठी ती कपाटातून बाहेर काढली, तेव्हा कोणी बनवली आणि बोअर कोणते, हे घरात कोणालाच सांगता येईना. मी काही बंदुकांतला जाणकार नाही. बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बरीच वर्षे काढली, त्यामुळे बारीक शिक्के वाचायची खोड तेवढी आहे. त्या निमित्ताने जिम कॉर्बेट पुन्हा वाचायला घेतले. त्यांचे वाघ सगळ्यांना ठाऊक आहेत. यावेळी मी त्यांच्या बंदुकांकडे पाहिले.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. १८८१ मध्ये ते गेले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात खाली कालाढुंगी, असा क्रम असे. जिमच्या हाती आलेली पहिली बंदूक नात्यातल्या एका भावाने दिलेली, तोंडातून दारू ठासायची. नळ्या दोन, पण उजवी फाटलेली. दस्ता पितळी तारेने आवळून बांधलेला. चालणाऱ्या एकाच नळीवर हे पोर रानात फिरत असे. पुढे नैनितालच्या कॅडेट तुकडीच्या सार्जंट-मेजरने .४५० ची मार्टिनी रायफल वापरायला दिली आणि तिच्यावर पहिला बिबट्या पडला.

घरची ओढाताण होती, म्हणून शिक्षण अर्धे टाकून ते महिना शंभर रुपयांवर रेल्वेत लागले. काम इंजिनांसाठी सरपण तोडून घेण्याचे. काम संपल्यावर हिशेबात जादा उरलेले पैसे त्यांनी आपण होऊन रेल्वेत भरले. (आमच्या धंद्यातल्या माणसाला वाघापेक्षा या गोष्टीचे कौतुक जास्त!) त्यानंतर गंगाकाठी मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका मिळाला, तो वीस वर्षांहून अधिक काळ चालला. नरभक्षकांच्या मागे ते गेले ते रजा काढून, आणि बक्षीस न घेता.

१९०७ साली चंपावतची वाघीण. तिच्या नावावर ४३६ बळी होते. कॉर्बेट यांच्या हातात .५०० बोअरची रायफल होती आणि जवळ काडतुसे फक्त तीन. दोन वाघासाठी, तिसरे अडचणीसाठी, असा त्यांचा हिशेब. तिन्ही संपली तरी वाघीण उभीच. तेव्हा धावत जाऊन त्यांनी तहसीलदारांची जुनी, खिळखिळी बंदूक घेतली आणि तिनेच शेवट केला. या कामाबद्दल प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे.

या रायफलीवर नाव लंडनच्या रिग्बीचे, पण तिची यंत्रणा जर्मन माउझरची. काडतूसही मूळ जर्मन सात मिलिमीटरचे. इंग्रजांनी त्याला इंचात नाव दिले. वजनाने हलकी असल्याने हीच त्यांची आवडती. १९३० साली चौगढची वाघीण अचानक समोर आली तेव्हा त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. उजव्या हाताने रायफल हळूहळू वळवून त्यांनी एकहाती गोळी झाडली.

जड कामासाठी त्यांच्याकडे डब्ल्यू. जे. जेफ्री यांची .४५०/४०० दुनळी होती. हे नाव फसवे आहे. यात दोन गोळ्या किंवा दोन वेगळ्या नळ्या नसतात; .४५० च्या काडतुसाचे तोंड आवळून त्यात .४०० च्या आसपासची गोळी बसवलेली असते. त्यातही तीन इंची आणि सव्वातीन इंची असे दोन प्रकार, आणि एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. म्हणून नुसते नाव वाचून भागत नाही. नळ्या उतरवून त्यांच्या पोटाशी मारलेल्या खुणा पाहाव्या लागतात. तिथे कॉर्डाइट दारूचे आणि गोळीचे वजन ग्रेनमध्ये कोरलेले सापडते. १९३८ च्या नोव्हेंबरअखेर ठाकच्या वाघिणीवर संध्याकाळच्या अंधारात त्यांनी दुनळीच्या दोन्ही नळ्या झाडल्या आणि धक्क्याने खडकावरून खाली बसलेल्या माणसांवर पडले. वय तेव्हा त्रेसष्ट.

मधल्या काळात पहिल्या महायुद्धात कुमाऊँचे पाचशे लोक घेऊन ते फ्रान्सला गेले. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. त्यानंतर मात्र बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याकडे कल वाढत गेला. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता; आज त्याला त्यांचेच नाव आहे. १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ निघाले.

१९४७ च्या नोव्हेंबरमध्ये बहीण मॅगीला घेऊन ते केनियात गेले. ज्या गावाला आपले म्हटले, जिथल्या माणसांची दुखणी काढली, तिथून ते बहात्तराव्या वर्षी उठले. हा निर्णय मला अजून उलगडत नाही. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे ते वारले.

रिग्बी प्रकाशकांकडे राहिली आणि २०१५ मध्ये खुद्द रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. जेफ्री अमेरिकेत गेली आणि लिलावात अडीच लाख डॉलरच्या वर विकली गेली. तशीच दुसरी जेफ्री याच्या पासंगालाही पुरणार नाही. किंमत आली ती ही त्यांचीच हे सिद्ध करणाऱ्या पुराव्यामुळे.

आता आपल्या सभासदांची रायफल. परवानाधारक कारागिराने नळ्या उतरवल्या. वर लंडनच्या दुकानाचे नाव, खाली मात्र मुकुट आणि त्याखाली बी.पी. ही बर्मिंगहॅमच्या परीक्षेची खूण. त्या काळी लंडनचे दुकानदार बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून माल करवून त्यावर आपले नाव घालत, तेव्हा यात खोटे काही नाही. नळीच्या आतल्या घराचे माप अजून घ्यायचे आहे. अनुक्रमांक लिहून घेतला आहे आणि आजोबांचा जुना परवाना ट्रंकेत शोधणे चालू आहे. तोपर्यंत काडतूस कोणी घालायचे नाही, असे घरात ठरले आहे.