कावसजी नायगमवाला : दोन मिनिटांच्या ग्रहणासाठी निवडलेला कॅमेरा

२२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्या वेळात काय टिपायचे आणि कोणत्या कॅमेऱ्याने, हे तिथे तळ ठोकलेल्या पथकांना आधीच ठरवावे लागले. त्यातील एका पथकाचे प्रमुख होते पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ मध्ये जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले. तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलून त्यांनी ताऱ्यांच्या नुसत्या जागा मोजण्यापेक्षा त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करायचे ठरवले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती.

सल्ला देणाऱ्यांत नॉर्मन लॉकयर हे मोठे नाव. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा मॅग्नेशियमची असून तिची एक कड पुसट असते, असे लॉकयर यांचे मत होते. नायगमवालांनी १८९१ च्या सुमारास पुण्याहून वेध घेतले, तेव्हा ती रेषा स्पष्ट आणि रेखीव दिसली. सल्लागाराच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला.

जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. भिंगाचे नाभीय अंतर जितके, त्याच्या सुमारे ११० व्या भागाएवढी सूर्याची वा चंद्राची प्रतिमा पडते. ४० फुटांना ती साधारण साडेचार इंचांची होते. प्रभामंडळातील बारकावे टिपायला ती उत्तम. गोंदियात घराच्या गच्चीवर एक मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला आज कोणी डिजिटल कॅमेरा जोडला, तरी गणित हेच. चंद्राची प्रतिमा ९ मिलिमीटरची पडते आणि नेहमीच्या डीएसएलआरच्या सेन्सरवर सहज मावते. दुप्पट मोठेपणासाठी बार्लो भिंग लावले, तर ती १८ मिलिमीटरची होऊन लहान सेन्सरबाहेर जाते. शिवाय तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो, म्हणून एक्स्पोजर चौपट द्यावे लागते.

नायगमवालांना हवे होते ते वेगळेच. चंद्र सूर्यबिंब झाकतो त्या क्षणी कडेचा पातळ वर्णगोल उघडा पडतो आणि काही सेकंदांपुरत्या त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा उजळतात. हा क्षणदीप्त वर्णपट छायाचित्रात पहिल्यांदा पकडला गेला तो १८९६ मध्ये, नोव्हाया झेम्ल्या बेटावर. त्यासाठी भिंगासमोर लोलक बसवलेला कॅमेरा लागतो. त्यात फट नसते; वर्णगोलाची बारीक कोर स्वतःच फटीचे काम करते आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाच्या जागी कोरीच्या आकाराची एकेक कमान उमटवते. कमी प्रकाशाचा थोडाही भाग वाया जात नाही. जेऊरला नायगमवालांनी हा वर्णपट काचेच्या प्लेटांवर टिपला. त्याचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

वेधशाळेची सगळी भिस्त मात्र या एका माणसावर होती. त्यांचे काम पुढे नेणारा कोणी तयार झाला नाही. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे तमिळनाडूतील कोडाईकनालला गेली. नायगमवाला १९३८ मध्ये वारले. त्यांची दुर्बीण त्यानंतरही टिकली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाशाची पारख करण्यासाठी ती लडाखमधल्या लेहपर्यंत पोहोचली.